मेंदूचा मुका मार आणि त्याचे पथ्य

श्रावणातल्या एका रविवारी, सकाळपासूनच्या रिपरिपीने वाड्याच्या चौकातली फरशी शेवाळून निसरडी झालेली असताना, माझा अकरा वर्षांचा भाचा कबड्डीचा डाव अर्धवट टाकून पाणी प्यायला घरात धावला आणि उंबऱ्याच्या अलीकडेच पाय घसरून उताणा पडला. डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटल्याचा आवाज माजघरापर्यंत ऐकू आला. तो बेशुद्ध पडला नाही, रक्ताचा थेंबही आला नाही. थोडा रडला, उठून बसला, आणि आजीने टेंगळावर थंड पाण्याचा तांब्या टेकवून धरला तेव्हा शांतही झाला. आम्ही सारे सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच त्याने विचारले, "आज्जी, आज शाळा नाही का?" "अरे, रविवार ना आज," आजी म्हणाली. अर्ध्या तासात हाच प्रश्न त्याने आणखी दोनदा विचारला, आणि दोन्ही वेळा हेच उत्तर जणू प्रथमच ऐकल्यासारखे ऐकून घेतले.

तोवर चौकात शेजारपाजार जमला होता. एका मावशींनी बजावले, की याला आज रात्री मुळीच झोपू देऊ नका. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आठ दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवण्याचा हुकूम सोडला. तिसऱ्या कुणी ब्राह्मीच्या तेलाची बाटली आणून दिली. डॉक्टरांनी मात्र मुलाला चालवून, बोलवून, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून तपासले, चार तास दवाखान्यात नजरेखाली ठेवले आणि सांगितले, की मेंदूला हादरा बसला आहे, ज्याला आम्ही 'कन्कशन' म्हणतो. यावर गोळी नाही, तो आपोआप बरा होईल, मात्र पथ्य नीट सांभाळा.

बाहेरून जखम दिसत नाही, पुष्कळदा यंत्राने काढलेल्या छायाचित्रातही काही आढळत नाही, आणि तरीही हुशार मुलगा आजचा वार विसरतो, हे कोडे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी पडलेले असते. अशा इजेला मराठीत 'मुका मार' हा फार समर्पक शब्द आहे; ज्या माराला स्वतःचे दुःख रक्ताच्या वा जखमेच्या रूपाने बोलून दाखवता येत नाही, तो मुका. हा मार मेंदूत नेमके काय करतो हे ध्यानात आले, की त्याच्या बरे होण्याला निसर्गाकडून कोणती मदत मिळू शकते आणि कोणती मदत नुसती नावाची आहे, याचा निवाडा करणे फारसे अवघड राहत नाही.

कळशीतले पान

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे चौदाशे ग्रॅम असते, आणि हाताला तो खरवसाहूनही मऊ लागतो. इतकी नाजूक वस्तू हाडाच्या कवटीत नुसती ठेवली असती, तर स्वतःच्याच भाराने ती दबून गेली असती; म्हणून निसर्गाने तिला पाण्यासारख्या निर्मळ द्रवात तरंगत ठेवण्याची तजवीज केली आहे. हा द्रव मेंदू आणि पाठीचा कणा मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर असतो, पण त्याच्या उद्धरणशक्तीमुळे चौदाशे ग्रॅमच्या मेंदूचा प्रत्यक्ष भार अवघा पन्नास ग्रॅमच्या आसपास उरतो. रोजच्या उड्या, धावपळ, एसटीचे धक्के हे सारे या तरंगण्यामुळेच आपल्याला जाणवतही नाहीत.

मग पडल्यावर बिघडते काय, हे घरी करून पाहता येते. पाण्याने भरलेल्या कळशीत तुळशीचे एक पान टाकावे, पाणी स्थिर होऊ द्यावे, आणि कळशी तिच्या जागीच झटकन गरकन फिरवावी. कळशी फिरते, पण पान होते तिथेच राहते. कारण भांडे फिरले तरी आतले पाणी त्याबरोबर लगेच फिरत नाही, ते मागे रेंगाळते. डोके झटक्याने वळले, की कवटी पुढे जाते आणि आतला मेंदू क्षणभर मागे राहतो. आणि मेंदू एकजिनसी पाणी नसून लांबच लांब तंतूंनी विणलेला असल्यामुळे त्याचे बाहेरचे थर आधी व आतले थर मागाहून फिरतात, आणि या ओढाताणीत थरांमधले तंतू ताणले जातात व पिळले जातात.

ही गोष्ट ऑक्सफर्डमधील ए. एच. एस. हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली जिलेटिनचा मेंदू बनवून दाखवून दिली: सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा पीळ देणारा धक्का मेंदूला अधिक बाधतो. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४१ मध्ये, डेनी-ब्राऊन आणि रसेल या दोघा डॉक्टरांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून असे सिद्ध केले होते, की डोके हलायला मोकळे असताना जो फटका मेंदूला हादरवतो, तोच फटका डोके घट्ट जखडलेले असताना सहसा हादरवत नाही. म्हणजे खरा अपराधी फटका नव्हे, तर डोक्याच्या गतीत एकाएकी पडणारा बदल आहे. म्हणूनच डोके कुठेही न आपटता, मानेला बसलेल्या जोरदार हिसक्यानेही हा मार लागू शकतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि आत रक्तस्राव होण्यापासून माणसाला वाचवते, आणि त्याचे ते उपकार फार मोठे आहेत; पण आतल्या मेंदूचे मागे रेंगाळणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही याचाही उलगडा इथेच होतो. वाड्याचे छायाचित्र काढले तर भिंतीला गेलेला तडा त्यात उमटतो, पण घरातल्या माणसांची एकमेकांशी बोलचाल बंद झाली आहे, हे उमटत नाही. स्कॅनला हाड आणि रक्त दिसते. ताणलेल्या तंतूंचा बिघडलेला व्यवहार दिसत नाही.

गळक्या होडीतला नावाडी

तो व्यवहार कसा बिघडतो, हे समजावून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे सारे पथ्य त्यावरच आधारलेले आहे. मेंदूतील प्रत्येक पेशी ही एखाद्या होडीसारखी असते. तिच्या आत पोटॅशियम हा क्षार भरपूर आणि बाहेर सोडियम भरपूर, अशी वाटणी पेशीच्या आवरणाने अहोरात्र सांभाळलेली असते, आणि या वाटणीच्या जोरावरच ती संदेश पाठवू शकते. आवरणातून थोडीफार गळती सतत चालू असते. म्हणून आवरणात बसवलेले सूक्ष्म पंप, म्हणजे या होडीतले नावाडी, आत शिरलेले सोडियम बाहेर फेकतात आणि बाहेर गेलेले पोटॅशियम परत आत ओढतात. या उपशाला इंधन लागते, आणि ते इंधन साखरेतून मिळते. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो, त्यातला मोठा वाटा या उपशावरच जातो.

तंतू ताणले गेले, की होडीला एकदम शेकडो भोके पडल्यासारखे होते. पोटॅशियम बाहेर धावते, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, पेशी आपले संदेशवाहक द्रव्य अवेळी ओतून टाकतात आणि शेजारच्या पेशींनाही विनाकारण उठवतात. पंप जिवाच्या आकांताने उपसू लागतात, इंधनाची मागणी क्षणात कैक पटीने वाढते. आणि नेमक्या याच वेळी मेंदूला मिळणारा रक्ताचा पुरवठा मात्र कमी झालेला असतो, शिवाय आत शिरलेले कॅल्शियम पेशीच्या भट्टीतच अडथळा आणते. खर्च वाढलेला आणि वसुली घटलेली, अशा दुष्काळी वर्षासारखी स्थिती होते. पहिल्या धावपळीनंतर पेशी थकून मंदावतात. उंदरांमध्ये ही मंदी साधारण सात ते दहा दिवस टिकलेली आढळते. हा सारा घटनाक्रम लॉस एंजेलिसचे संशोधक गिझा आणि होवडा यांनी २००१ साली एकत्र मांडला, आणि तेव्हापासून या आजाराकडे 'यंत्र मोडले' असे न पाहता 'यंत्राचे इंधन आटले' असे पाहण्याची दृष्टी रुळली.

पेशी बहुतांशी मेलेली नसते, ती थकलेली असते. डोकेदुखी, उजेड नकोसा होणे, मळमळ, चक्कर, चिडचिड, विसराळूपणा, वाचता वाचता अर्थ निसटणे, झोपेचे वेळापत्रक बिघडणे ही सारी त्या थकव्याची रूपे आहेत. बहुतेक प्रौढ माणसे सुमारे दोन आठवड्यांत आणि मुले साधारण महिन्याभरात बरी होतात. रुग्णाला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणे हाच एक उपचार आहे, असे मी मानतो, आणि त्याला दाखलाही आहे: ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या रुग्णांच्या हाती आजाराची माहिती देणारी छोटी पुस्तिका पहिल्याच आठवड्यात पडली होती, त्यांच्या तक्रारी तीन महिन्यांनंतर इतरांहून कमी होत्या. भीतीने डोके अधिक दुखते, हा काही केवळ म्हाताऱ्या माणसांचा समज नव्हे.

झोपू द्यावे की जागे ठेवावे?

मावशींचा सल्ला चुकीचा असला तरी निराधार नव्हता. कानशिलाच्या आत, कवटीच्या पातळ हाडाला चिकटून एक धमनी जाते. तिथले हाड तडकले तर ती फाटून हाड आणि मेंदूचे आवरण यांच्या मध्ये रक्त साचू लागते. असा रुग्ण प्रथम गुंगतो, मग सावध होऊन बोलू-चालू लागतो, घरचे निर्धास्त होतात, आणि काही तासांनी साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडून तो पुन्हा गुंगीत जातो. २००९ च्या मार्चमध्ये इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर घसरून पडल्या; त्या हसतबोलत होत्या, प्रथम त्यांनी वैद्यकीय मदत नाकारली, आणि दोन दिवसांनी अशाच रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. पूर्वी स्कॅनची सोय नव्हती. तेव्हा झोप कोणती आणि गुंगी कोणती हे ओळखण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे रुग्णाला झोपूच न देणे.

आज डॉक्टरांनी तपासून धोका नाही असे सांगितल्यावर झोप रोखण्याचे काही कारण उरत नाही; उलट ज्या मेंदूचे इंधन आटले आहे, त्याला जागवत ठेवणे म्हणजे दमलेल्या नावाड्याला रात्रपाळीही करायला लावणे होय. पहिल्या रात्री घरातल्या एका मोठ्या माणसाने जवळ निजावे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणे एखाद-दोनदा हलवून नाव विचारावे, एवढे पुरे. झोपेत मेंदू धुतला जातो, असे हल्ली वारंवार वाचायला मिळते. त्याचा उगम २०१३ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद चालू आहे, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. झोप नीट नसेल तर डोकेदुखी आणि विसराळूपणा लांबतो, एवढे अनुभवसिद्ध कारण पुरेसे आहे. ठरल्या वेळी निजणे, ठरल्या वेळी उठणे, सकाळी अंगणात उजेडात बसणे, दुपारची डुलकी अर्ध्या तासावर जाऊ न देणे आणि संध्याकाळनंतर चहा टाळणे, हे या आजारातले पहिले आणि सर्वांत स्वस्त नैसर्गिक औषध. मात्र ज्याला दिवसातून चार कप चहाची सवय आहे, त्याचा चहा एकदम तोडू नये; चहा तुटल्याची डोकेदुखी वेगळी आणि माराची वेगळी, हे मग कुणालाच उमगत नाही.

> चौकट: इथे पथ्य नको, रुग्णालय हवे
>
> डोकेदुखी वाढतच चालली, वारंवार उलट्या झाल्या, आकडी आली, बोलणे जड झाले, हातापायातली ताकद गेली, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, रुग्ण माणसे ओळखेनासा झाला किंवा हलवूनही जागा होईना, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तान्हे मूल दूध ओढत नसेल किंवा काही केल्या रडायचे थांबत नसेल तर तेही धोक्याचेच लक्षण. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आणि साठीपुढच्या माणसांनी न्हाणीघरात घसरून डोके आपटल्यावर बरे वाटत असले तरी तपासून घ्यावे, कारण त्यांच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू, कधी कधी दिवसांनी किंवा आठवड्यांनी साचते. पहिले काही दिवस दुखण्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये.

अंधाऱ्या खोलीचा मोह

अंधारी खोली हा सल्ला शेजारच्या गृहस्थांचा एकट्याचा नव्हता. काही वर्षांपूर्वीपर्यंत खुद्द डॉक्टरही लक्षणे पूर्ण जाईपर्यंत पडून राहायला सांगत. तर्क सरळ होता: इंधन कमी आहे, तर खर्च बंद करा. पण शरीर म्हणजे कुलूप लावून ठेवायचे गोदाम नव्हे. २०१५ साली अमेरिकेत ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांचे दोन गट करून पाहिले गेले. एका गटाला पाच दिवस सक्त विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल. सक्त विश्रांतीच्या गटाने अधिक तक्रारी सांगितल्या आणि त्यांच्या त्या मावळायलाही अधिक दिवस लागले. कारण शोधणे कठीण नाही. शाळा, मित्र, ऊन, भूक या साऱ्यांतून माणसाला तोडून अंधारात निजवले, की झोपेचे घड्याळ चुकते, अंग मोडून येते, आणि लक्ष द्यायला दुसरे काहीच नसल्याने मन दुखऱ्या जागेवरच खिळून राहते.

याचा अर्थ पहिल्या दिवसापासून धावावे असाही नव्हे. पहिले २४ ते ४८ तास घरातच, सैल वेळापत्रकाने काढावेत; बोलावे, जेवावे, गॅलरीत बसावे, पण अभ्यास, खेळ आणि विशेषतः मोबाइल व टीव्ही दूर ठेवावेत. पडद्याबद्दल मी आग्रही आहे, कारण याचे माप निघालेले आहे: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ज्या तरुण रुग्णांनी पहिले ४८ तास पडदा वर्ज्य केला, त्यांपैकी निम्मे साडेतीन दिवसांत लक्षणमुक्त झाले होते, ज्यांना मुभा होती त्यांच्यातले निम्मे व्हायला आठ दिवस लागले. दोन दिवसांच्या संयमाचे इतके मोल देणारे दुसरे औषध मला ठाऊक नाही.

त्यानंतर चालणे. मेंदूच्या कुठल्या भागाला किती रक्त सोडायचे, हा बंदोबस्त कालव्याच्या पाटकऱ्यासारखा चालतो. ज्या शेताची पाळी, त्याचे दार उघडायचे. हादऱ्यानंतर हा पाटकरी गोंधळतो. थोडे श्रम झाले, की गरज नसताना पाणी सोडतो, किंवा गरज असताना अडवतो, आणि डोके ठणकू लागते. त्याची घडी पुन्हा बसायला त्याला कामावरच आणावे लागते, पण हलक्या कामावर. बफेलो येथील संशोधक जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली १३ ते १८ वर्षांच्या १०३ खेळाडू मुलांवर हे पारखून पाहिले. ज्यांना लक्षणे फार वाढणार नाहीत इतक्याच वेगाने रोज वीस मिनिटे चालायला वा सायकल चालवायला सांगितले होते, त्यांच्यातली निम्मी मुले १३ दिवसांत बरी झाली. ज्यांना नुसते अंग ताणण्याचे व्यायाम दिले, त्यांना १७ दिवस लागले.

मोजमाप अगदी सोपे आहे. निघताना विचारावे, 'शून्य ते दहात किती दुखते?' चालताना हा आकडा दोनाहून अधिक वाढला, किंवा वाढलेले दुखणे तासाभरात खाली आले नाही, तर उद्या अंतर कमी करावे. नाहीतर थोडे वाढवावे. तिसऱ्या दिवशी मी भाच्याला कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत नेले. निघताना त्याने 'तीन' सांगितले, देवळाच्या पायरीवर 'चार', आणि परतताना एक रिक्षा कानाशी कर्कश हॉर्न वाजवून गेली तेव्हा कानांवर हात ठेवून 'सहा'. घरी येऊन पाणी पिऊन तो पडून राहिला. पाऊण तासाने पुन्हा 'तीन'वर आला. दुसऱ्या दिवशी आम्ही रस्ता बदलला, मागच्या बोळाने गेलो, आणि आकडा चारच्या वर चढला नाही.

स्वयंपाकघर आणि औषधांच्या बाटल्या

आहाराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: अन्न हवे, रामबाण नको. साखरेवर चालणाऱ्या आणि पुरवठा घटलेल्या मेंदूला उपाशी ठेवणे गैर. म्हणून मळमळीने जेवण जात नसेल तेव्हा दोन-दोन तासांनी मऊ भात-मेतकूट-तूप, पेज, मुगाचे वरण, केळे, ताक, शहाळ्याचे पाणी असे थोडे थोडे द्यावे, आणि आल्याचा तुकडा चघळायला द्यायलाही हरकत नाही. पाणी कमी पडले तरी डोके दुखते. दारू मात्र पूर्ण बरे होईपर्यंत वर्ज्य. ती झोप मोडते आणि तोल व भान दोन्ही बिघडवून धोक्याची लक्षणे झाकून टाकते.

हळदीबद्दल लोक फार आस्थेने विचारतात. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याने डोक्याला इजा झालेल्या उंदरांना लाभ झाल्याचे प्रयोग खरोखर झालेले आहेत, पण हळदीच्या पुडीत ते जेमतेम तीन टक्के असते आणि आतड्यातून रक्तात उतरते ते त्याहूनही नाममात्र. रात्री निजताना कोमट हळदीचे दूध घेतल्याने मूल शांत झोपत असेल तर अवश्य द्यावे. मेंदूची इजा ते भरून काढते, असे मात्र मानू नये. तीच गोष्ट माशांच्या तेलाची. ओमेगा-३ या जातीची स्निग्धद्रव्ये मेंदूच्या पेशींच्या आवरणात मुबलक असतात, म्हणून बांगडा, तारली, अक्रोड, जवसाची चटणी ताटात असणे चांगलेच. पण डोके आपटल्यावर त्याच्या गोळ्या घेतल्याने माणूस लवकर बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१३ साली लोकांना उघड इशारा दिला, की कन्कशन बरे करते असा दावा करणाऱ्या कोणत्याही पूरक आहाराला आधार नाही. त्यात हळद आणि ओमेगा-३ या दोन्हींची नावे होती. खात्याची खरी चिंता वेगळी होती, आणि ती मला पटते: बाटलीवर भरवसा ठेवून खेळाडू बरा होण्याआधीच मैदानात उतरतो.

ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांना आपल्याकडे बुद्धिवर्धक म्हणून मान आहे. डोक्याच्या हादऱ्यावर त्यांचा उपयोग होतो असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही, आणि काही काढ्यांनी येणारी सुस्ती पहिल्या दिवसांत लक्षणांशी घोटाळा करते. म्हणून ती वैद्याला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगूनच घ्यावीत. आमच्याकडे आलेली तेलाची बाटली आजीने परत केली नाही. टेंगूळ उतरल्यावर, आठवड्याने, तिने हलक्या हाताने तेल जिरवले आणि नातू मांडीवरच झोपी गेला. त्या झोपेचे श्रेय तेलाला द्यावे की मांडीला, हे मी ठरवत बसलो नाही. जोरात चंपी करणे, टेंगूळ चोळून जिरवणे आणि न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. हिसक्याने आधीच दुखावलेल्या मानेतील मेंदूकडे जाणारी धमनी अशा मोडण्याने फाटू शकते.

मान आणि कान

पुष्कळदा महिना उलटला तरी डोकेदुखी वा चक्कर हटत नाही, आणि घरचे म्हणतात, मेंदूत अजून काहीतरी आहे. दोष कित्येकदा मेंदूचा नसतोच. डोक्याला झटका देणारी प्रत्येक घटना मानेलाही झटका देते, आणि मानेच्या वरच्या सांध्यांतून निघालेले दुखणे कपाळापर्यंत जाणवते. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेल्या मानेच्या सौम्य व्यायामाने ते हटते.

दुसरा वाटा कानाचा. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत आणि त्यांच्या शेजारी खडूच्या कणांसारखे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. डोके आपटले, की हे स्फटिक कधी कधी सुटून नळीत जातात, आणि मग अंथरुणात कूस बदलली तरी खोली गरगर फिरते. या चक्करेवर गोळी नव्हे, तर जाणकाराने डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागेवर आणणे हा उपाय आहे. पुष्कळदा एका बैठकीत गुण येतो. उरलेल्या अस्थिरपणासाठी इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी डोळे, डोके आणि शरीर क्रमाक्रमाने हलवण्याचे व्यायाम बसवले, ज्यांत बसल्या बसल्या बोटाकडे पाहण्यापासून चेंडू झेलण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत, आणि ते आजही शिकवले जातात. योगासनांची आवड असणाऱ्यांनी पहिले काही आठवडे शीर्षासन, सर्वांगासन आणि कपालभाती, भस्त्रिका बाजूला ठेवून संथ दीर्घ श्वसनावर समाधान मानावे.

डोळ्यांचेही तसेच. पाचव्या दिवशी भाचा एक डोळा हाताने झाकून गणिताचे पुस्तक वाचताना मला दिसला. दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र वळवण्याचे काम त्याला जड जात होते आणि ओळी दुहेरी दिसत होत्या. बोलून दाखवायचे त्याला सुचले नव्हते. पंधरा मिनिटे वाचन, मग दहा मिनिटे खिडकीतून लांबची चिंचेची झाडे पाहणे, अशी पाळी लावली. कवितांची पाने आजीने मोठ्याने वाचून दाखवली. शाळेत तो प्रथम अर्धा दिवस गेला, वर्गशिक्षिकेला चिठ्ठी देऊन, की चाचणी आठवडाभर तहकूब ठेवावी. दोन आठवड्यांनी त्याला एक डोळा झाकण्याची गरज राहिली नाही.

दुसरा मार

१७ ऑगस्ट २०१९ रोजी लॉर्ड्सवरच्या कसोटी सामन्यात गोलंदाज जोफ्रा आर्चरचा चेंडू फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. त्याला बाहेर नेऊन तपासले, चाचण्या ठीक आल्या, आणि थोड्या वेळाने तो परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो गुंगलेला उठला, सामन्यातून बाहेर पडला, आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला; कसोटीच्या इतिहासातला तो पहिला कन्कशन-बदली खेळाडू, कारण तो नियम अवघ्या काही दिवसांपूर्वी अमलात आला होता. पुढची कसोटी स्मिथ खेळला नाही. त्यानंतरच्या मँचेस्टरच्या कसोटीत त्याने २११ धावा केल्या.

जगातले उत्तम डॉक्टर शेजारी असतानाही लक्षणे दुसऱ्या दिवशी उगवली, मग आपल्या शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर, दहीहंडीच्या थरावरून पडलेल्या गोविंदाच्या बाबतीत, 'काही झाले नाही, चल उठ' असे कोण छातीठोकपणे म्हणू शकेल? ज्या पेशींचा उपसा अजून संपलेला नाही, त्यांना पुन्हा धक्का बसला तर बरे होण्याची मुदत लांबते, आणि क्वचित, मुख्यतः किशोरवयात, मेंदूला अचानक सूज येऊन प्राणावर बेतते. म्हणून मुलाने प्रथम शाळेत पूर्ण दिवस बसावे, मग एकट्याने पळावे, मग सराव करावा, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ शेवटी, डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरू करावा. माझा भाचा चोविसाव्या दिवशी मैदानात उतरला.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला, तो कितीही हट्ट करो, त्याच दिवशी पुन्हा खेळायला पाठवू नये, एवढी कळकळीची विनंती प्रत्येक क्रीडाशिक्षकाला आणि पालकाला आहे.